किती आणे खरं?

“उताराला आडवी पेरणी करता का?”
“करतो ना.”
“बीजप्रक्रिया?”
“हो, करतो.”
“पीक निघाल्यावर काडीकचरा जाळता?”
“छे, छे.”

वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे तीन प्रश्न विचारून पाहा, साधारण हीच उत्तरं मिळतील. मग त्याच शिवारातून एक चक्कर मारा. सोयाबीनच्या ओळी धुऱ्याला समांतर गेलेल्या दिसतील, उतार कुठेही असो. धुऱ्याच्या कोपऱ्यात पऱ्हाट्या जाळल्याचा काळा डाग दिसेल. यावरून निष्कर्ष काढायला फार बुद्धी लागत नाही: शेतकरी खोटं बोलतात.

मी रिसोड तालुक्यातल्या एका गावचा. इंजिनिअरिंग करून आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मधली दोनेक वर्षं मी अशा एका ॲपवर काम केलं, ज्यात शेतकरी माती आणि पाणी राखण्यासाठी काय काय करतात याची नोंद व्हायची. मीटिंगमध्ये हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. कोणी सौम्य भाषेत म्हणायचं, “डेटा क्लीन नाही.” कोणी सरळ म्हणायचं, “हे लोक काहीही सांगतात.” मला राग यायचा, पण उत्तर नसायचं. कारण काडी जाळल्याचे डाग मीही पाहिले होते.

मग मी एक वेगळा प्रश्न घेऊन मागे गेलो. माझ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सरकारने पहिल्यांदा पद्धतशीरपणे ‘तुझ्या वावरात काय आहे’ असं कधी विचारलं? आणि तेव्हा काय झालं? उत्तर दीडशे वर्षांहून जुनं निघालं. शिवाय ते ज्या लोकांकडून आलं ते आपल्याहून जास्त संशयी होते.

विचारायचंच नाही

१८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. वाशीम तेव्हा कागदोपत्री ‘बासिम’ होतं. काही काळ तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि बराचसा भाग अकोल्यात गेला. पुन्हा वेगळा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला. आज जमिनीची कागदपत्रं काढताना आपण जे शब्द वापरतो, त्यातले बरेचसे या बासिमच्या काळात गावात शिरले.

वऱ्हाडात जमिनीची मोजणी १८६१ च्या सुमारास सुरू झाली, ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने. ती पद्धत एका फसलेल्या प्रयोगातून जन्मली होती. १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात सारा ठरवायला घेतला. त्याची कल्पना पुस्तकात शोभेल अशी होती: उत्पन्नातून खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ नफ्यावर सारा बसवायचा. पण त्यासाठी प्रत्येक जमिनीचं उत्पन्न किती, खर्च किती, हे कोणाला तरी विचारावं लागणार होतं. शेतकरी कमी सांगणार, कारकून पैसे खाऊन हवं ते लिहिणार. झालंही तसंच. आकडे कुजले, सारा अवाच्या सवा बसला, लोक जमिनी टाकून गेले.

नंतर आलेल्या गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी यातून एक साधा धडा घेतला. उत्पन्न विचारायचं नाही. माती खणायची. वावरात ठिकठिकाणी खड्डा करून मातीची खोली पाहायची, रंग आणि पोत पाहायचा आणि तिला वर्ग द्यायचा. सगळ्यात उत्तम जमीन सोळा आणे, मग उतरत खाली. चुनखडी आहे? वर्ग खाली. उतार आहे? खाली. पावसाच्या लोंढ्याने माती वाहून जाते? आणखी खाली. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालात ही सगळी रीत नेमकेपणाने लिहिली आहे. धूप हा शब्द आपण पर्यावरणाच्या तासाला शिकतो. साऱ्याच्या हिशेबात तो त्याआधी शंभर वर्षं बसला होता, ‘दोष’ म्हणून.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. सारा तीस वर्षांसाठी कायम. त्या मुदतीत शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने विहीर खणली, ताल घातली, बांध घातला, तर फेरआकारणीत त्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही. मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आलं. यामागचा विचार असा, की सुधारणेवर कर लागला तर शेतकरी एक तर ती लपवेल, नाही तर करणारच नाही. आणि दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट. लपवलेली विहीर निदान पाणी तरी देते.

या माणसांना शेतकऱ्याबद्दल प्रेम होतं असं समजायचं कारण नाही. त्यांना महसूल हवा होता. पण ‘खरं सांगा’ असं बजावण्यापेक्षा खरं सांगण्याची किंमत शून्यावर आणणं जास्त उपयोगी, हे त्यांना कळलं होतं.

पोटखराबाची उलटी उडी

या सगळ्याचा एक जिवंत अवशेष तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर असेल. ‘पोटखराब’ असा एक रकाना असतो. वावरातला खडक, नाला, खाचखळगे, जिथे पीक येत नाही आणि म्हणून सारा लागत नाही असा भाग. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी थोडा थोडा पोटखराब फोडून लागवडीखाली आणला. दगड वेचले, गाळ टाकला, वखर फिरवला. पण कागदावर तो खराबच राहू दिला. का बदलून घेणार? बदलला की आकार लागणार.

मग काळ फिरला. सारा इतका किरकोळ झाला की तो भरायचा राहिला तरी कोणी झोप घालवत नाही. उलट पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई हे सगळं लागवडीखालच्या क्षेत्रावर ठरू लागलं. आता तोच पोटखराब शेतकऱ्याला नको झाला. लोक अर्ज करू लागले, की साहेब, ही जमीन कसतो आहे, तशी नोंद करा. काही वर्षांपूर्वी सरकारने नियम बदलून ‘वर्ग अ’च्या पोटखराबाबाबत तशी मुभाही दिली.

जमीन तीच आणि शेतकरी त्याच घरातले. शंभर वर्षं एक उत्तर, नंतर बरोबर उलटं. माणसांच्या प्रामाणिकपणात शंभर वर्षांनी अचानक वाढ झाली असं कोणी म्हणणार नाही. उत्तराला जोडलेला पैसा दिशा बदलून आला, एवढंच.

चार आण्यांचं भांडण

मातीचे आणे ठरले, तरी पिकाचे आणे दरवर्षी ठरवावे लागतच. पाऊस दगा देतो. मग सारा तहकूब करायचा की नाही? त्यासाठी आणेवारी आली: चांगल्या वर्षाचं पीक सोळा आणे धरलं, तर यंदाचं किती? पाटील आणि पटवारी नजरेने अंदाज करत आणि तो वर जाई. (आमच्याकडे तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात.)

या अंदाजाला दोन्हीकडून ओढ होती. गावाला आणे कमी हवेत, तहसिलीला जास्त. शिवाय सोळा आणे हे माप मुळात होतं कशाचं? कोणाही शेतकऱ्याला विचारा, सोळा आणे पीक आल्याचं वर्ष त्याला आठवणार नाही. बारा आणे म्हणजे त्याच्या लेखी बरकत. म्हणजे खोटं बोलण्याचा हेतू नसला तरी आकडा खालीच पडणार. हे भांडण इतिहासात सगळ्यात मोठं गाजलं ते १९१८ मध्ये, गुजरातेतल्या खेड्यात. पीक चार आण्यांच्या खाली असेल तर सारा तहकूब, असा नियम होता. सरकार म्हणे वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. गांधी आणि वल्लभभाई पटेल यांच्या सत्याग्रहाच्या मुळाशी हा आकडा होता. एका आण्याच्या नोंदीत किती राजकारण मावतं, हे तिथे दिसलं.

आपल्याकडे आणे जाऊन पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी जाहीर होते आणि ती पन्नास पैशांच्या खाली की वर यावर गावात आजही तीच चर्चा रंगते.

अकोल्यातला कापूस

या गोंधळावर उत्तर शोधणारं एक महत्त्वाचं काम आपल्याच मातीत झालं आणि ते मला शाळेत कोणीही सांगितलं नाही.

विनायक गोविंद पानसे हे संख्याशास्त्रज्ञ इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करत. १९४२-४३ च्या हंगामात त्यांनी अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची पाहणी केली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात बासिम आणि मंगरूळ हे तालुके होते, म्हणजे आजच्या वाशीमचा मोठा भाग. पद्धत अशी: गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतं तशीच निवडायची, शेतातला तुकडाही तसाच. मग त्या तुकड्यातलं पीक प्रत्यक्ष काढून तोलायचं. कापूस एकदम हाती येत नाही, वेचे होतात, त्यामुळे त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जावं लागे. पाटलाला अंदाज विचारायचा नाही, शेतकऱ्यालाही नाही.

पानसे यांच्याबरोबर हा विचार पुढे नेला पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. साताऱ्याकडच्या बुध गावचे हे गृहस्थ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले. त्यांचा कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिसांशी एक गाजलेला वाद झाला. महालनोबिसांची पद्धत पीककापणीसाठी अगदी छोटे तुकडे घेण्याची होती. सुखात्मे म्हणाले, तुकडा फार छोटा घेतला की उत्पन्न जास्त भरतं. कारण तुकड्याच्या सीमेवर जी झाडं येतात, ती आत की बाहेर हे मोजणारा ठरवतो आणि त्याचा हात नकळत ती आत घेतो. तुकडा जितका लहान, तितका सीमेचा वाटा मोठा.

या वादाने माझा एक भ्रम मोडला. ‘माणूस खोटं बोलतो, माप खोटं बोलत नाही’ असं आम्ही इंजिनिअर लोक मानून चालतो. इथे शेतकऱ्याला काहीही विचारलेलं नव्हतं, कोणाचा स्वार्थ नव्हता, तरी आकडा झुकला. प्रत्येक मापाला स्वतःचा कल असतो. तो कोणत्या बाजूला आहे हे माहीत असलं की माप वापरता येतं.

आज पीकविम्यासाठी जे पीककापणी प्रयोग होतात, ते याच कामाचे वारस आहेत.

दोन प्रकारचे बांध

पीक तोलता येतं. पण ‘माती राखली’ हे कशाने तोलणार?

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच डोंगरांवरचं कसदार द्रव्य पावसाबरोबर शेतात उतरण्याबद्दल आणि ताली-बंधारे घालून पाणी जिरवण्याबद्दल लिहिलं. सरकारी पातळीवर बांधबंदिस्तीला जोर आला तो मुंबई प्रांतात १९४० च्या दशकात आणि राज्यभर खरा वेग आला १९७२ च्या दुष्काळानंतर, रोजगार हमीच्या कामांतून. समपातळी बांध घातले गेले. म्हणजे जमिनीची पातळी जिथे सारखी, त्या रेषेवर बांध. पाण्याच्या गणिताने अगदी बरोबर.

पण पाण्याची रेषा आणि मालकीची रेषा वेगळी असते. समपातळी बांध वावराच्या मधून तिरपा जातो. तिफन वळत नाही, एकाच वावराचे वेडेवाकडे तुकडे होतात, भारी काळ्या जमिनीत बांधाच्या वर पाणी तुंबून पीक पिवळं पडतं. मग दोन-चार वर्षांत शेतकरी तो बांध नांगरून टाकतो. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी १९९० च्या दशकात भारताच्या कोरडवाहू भागांतल्या देशी मृदसंधारणाबद्दल लिहिताना नेमकं हेच मांडलं: अधिकाऱ्यांना समपातळी बांध हवा, शेतकऱ्याला धुऱ्यावरचा. शेतकरी माती अडवत होते, पण आपल्या धुऱ्यावर, दगड रचून, हळूहळू, दरवर्षी थोडं.

आता नोंदवहीत काय लिहिलं गेलं ते पाहा. सरकारी बांध इतके हेक्टर, काम पूर्ण. प्रत्यक्षात तो नांगरला गेला. आणि शेतकऱ्याचा धुरा प्रत्यक्षात उभा, पण त्याला रकाना नाही म्हणून त्याची नोंद शून्य. एकाच वावरात दोन चुकीच्या नोंदी आणि दोन्हींत शेतकऱ्याने तोंडही उघडलेलं नाही.

जलयुक्त शिवारचं उदाहरण तर ताजं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ही मोहीम सुरू झाली, हजारो कोटी रुपये खर्च झाले. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालात निवडक गावांची तपासणी होती. ‘पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण’ म्हणून जाहीर झालेल्या ८० गावांपैकी २९ गावंच निकषावर उतरली. उरलेल्या ५१ गावांचा दाखला शेतकऱ्यांनी लिहिला नव्हता. शेतकऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलताना वरचा मजला किती प्रामाणिक आहे, हेही विचारायला हवं. तालुक्याला उद्दिष्ट असतं, जिल्ह्याला टक्केवारी असते. खालून ‘नाही’ आलं तर वर कोणालाच ते नको असतं.

सेंद्रिय कापसाचंही तसंच. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सेंद्रिय वस्त्र मानकाच्या संस्थेने भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाची सेंद्रिय असल्याची प्रमाणपत्रं बनावट असल्याचं उघड केलं. सरकारी वाटेल अशी नकली वेबसाइट, त्यावर नेणारे क्यूआर कोड. पऱ्हाटीला पाणी देणारा माणूस हे करत नाही.

नाही म्हणायची किंमत

पण म्हणून शेतकरी नेहमी खरंच सांगतात असं नाही. माझ्या काकांचं उदाहरण देतो.

त्यांच्या एका फॉर्मवर ‘बीजप्रक्रिया: होय’ लिहिलं होतं. मी विचारलं, “काका, केली होती का?”

“नाई केली.”

“मग हो कायले सांगितलं?”

“अरे, तो पोरगा बिचारा चार-पाच गावं सांभायते. नाई म्हटलं असतं, तर त्यानं मले अर्धा घंटा शिकोलं असतं. मले डवऱ्याले जाचं होतं. म्हटलं, बाबू, तुले जे लागते ते लेहून घे.”

या उत्तरात अनुदान नाही, दंड नाही. ‘नाही’ म्हटलं तर प्रवचन ऐकावं लागतं आणि समोरचा पोरगा नाराज होतो, एवढीच किंमत. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून ‘जेवून आलो’ म्हणतात, तसलं हे ‘हो’. फॉर्म भरणाऱ्यालाही दिवसाचा कोटा पुरा करायचा असतो. दोघं मिळून एक खोटी नोंद करतात आणि दोघांचाही दिवस बरा जातो.

मग मी धुऱ्याबद्दल विचारलं. काका दर उन्हाळ्यात वावरातले दगड वेचून उताराकडच्या धुऱ्यावर रचतात. बोरी आणि तरवड तोडत नाहीत, माती धरून राहावी म्हणून. हे त्यांनी का सांगितलं नाही?

“ते कोनं इचारलं? आन कोठी लेहाचं ते?”

आणखी एक. काका ज्याला ‘चार एकर’ म्हणतात ते वावर सातबाऱ्यावर १ हेक्टर ४० आर आहे, म्हणजे साडेतीन एकरांना थोडं कमीच. यात लबाडी शोधायची गरज नाही. जागतिक बँकेच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या अनेक देशांत शेतकऱ्यांनी सांगितलेलं क्षेत्र आणि जीपीएसने मोजलेलं क्षेत्र ताडून पाहिलं. लहान तुकडे असणारे जास्त सांगतात, मोठे तुकडे असणारे कमी सांगतात आणि बरेचसे जण आकडा गोल करतात. माणसाची आठवण जगभर अशीच चालते.

म्हणजे ‘खोटी नोंद’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत. पैशासाठी फुगवलेली, शिक्षेच्या भीतीने दडवलेली, भिडेखातर दिलेली आणि नुसती अंदाजपंचे. चौघींवर औषध वेगळं. ॲपमध्ये मात्र चारही एकाच रंगात दिसतात.

फोटोचं राज्य

आता विश्वास फोटोवर आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक पेऱ्याची नोंद पूर्वी पटवारी करायचा. बऱ्याचदा चावडीत बसून, मागच्या वर्षीचं पाहून. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून, अक्षांश-रेखांशासह फोटो टाकायचा. तलाठ्याने त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासायच्या. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही, ज्यात वाशीम आहे, शेततळं असो की ठिबक, फोटो आणि जागेचा पुरावा दिल्यावरच पैसे खात्यात येतात.

यात खरी प्रगती आहे. शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा पेन आलं. चावडीतला कागद वावरापर्यंत चालत गेला. पण फोटो ‘वस्तू’ दाखवतो, ‘वागणं’ दाखवत नाही. शेततळं दिसतं. ते पावसाच्या पाण्याने भरलं की बोअरच्या, हे दिसत नाही. ठिबकच्या नळ्या दिसतात, त्या किती तास चालल्या ते दिसत नाही. माती राखणं ही दरवर्षी, दर पावसाळ्यात पुन्हा करायची गोष्ट आहे. ती एका क्लिकमध्ये मावत नाही.

आणि जिथे फोटोची सक्ती नव्हती तिथे काय झालं, तेही पाहिलं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. पुढे लाखोंच्या संख्येने बोगस अर्ज सापडले, त्यात सेवा केंद्र चालवणाऱ्यांचाही हात निघाला. २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. खोटं सांगायला एक रुपयाही जड नव्हता. बिल मात्र खऱ्या नुकसानीच्या शेतकऱ्याला भरावं लागलं.

नाणं उडवा

काही गोष्टी फोटोने कळत नाहीत आणि विचारूनही कळत नाहीत. बोअरची खोली घ्या. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विंधन विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्या भागात बोअर किती खोल गेले हे चहाच्या टपरीवर सहज कळतं. कागदावर कोण सांगेल?

यावर १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. तिचं एक सोपं रूप असं. शंभर शेतकऱ्यांना प्रत्येकी एक नाणं द्या. सर्व्हे करणाऱ्याला न दाखवता उडवायला सांगा. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं. समजा ६० जण ‘हो’ म्हणाले. सुमारे ५० ‘हो’ छाप्याचे. काटा पडलेल्या उरलेल्या ५० पैकी १० जणांनी खरं ‘हो’ म्हटलं. म्हणजे गावात साधारण २० टक्के बोअर मर्यादेपेक्षा खोल. कोणाचे, ते कोणालाच कळलं नाही आणि कळणारही नाही. याच जातीची युक्ती वापरून दक्षिण आफ्रिकेत शेतकरी बिबट्यासारखे संरक्षित प्राणी मारतात का, याचा अभ्यास झाला.

मला ही पद्धत आवडते, कारण ती शेतकऱ्याला संशयित मानत नाही. तो घाबरणं साहजिक आहे हे मान्य करून ती सुरुवात करते. आणि तिच्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळते: शासनाला गावातलं भूजल किती खोल गेलं हे कळायला हवं असेल, तर कोणी खोल खणलं हे कळण्याचा हट्ट सोडावा लागतो. दोन्ही एकत्र मिळत नाही.

मोजलेलं कोणाच्या हाती?

वाशीम जिल्हा एका कण्यावर वसला आहे. काटेपूर्णेचं पाणी उत्तरेला पूर्णा-तापीकडे जातं, पैनगंगेचं गोदावरीकडे. दोन्ही बाजूंनी माती उतरते आहे. उद्या कार्बन क्रेडिटवाले येतील, काही ठिकाणी आलेही आहेत. ते विचारतील, नांगरणी कमी केली का, काडी जाळली का. उत्तराला डॉलर जोडलेला असेल. पोटखराबाची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला त्या उत्तरांचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पण एक प्रकार असा आहे जिथे नोंद टिकते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला दरवर्षी पावसाची नोंद घेऊन गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची हे ठरतं. तिथे आकडा फुगवला तर उन्हाळ्यात स्वतःचीच विहीर आटते. आकडा दडवला तर शेजारचा उठून सांगतो, कारण त्याला तुझी विहीर माहीत असते. वर पाठवायच्या कागदापेक्षा या कागदाचं काम वेगळं आहे: ज्याने सांगितलं, त्यालाच तो पुढच्या हंगामात लागतो.

आम्ही बनवलेल्या ॲपमध्ये शेतकऱ्याची माहिती आत जाई आणि परत कधी येत नसे. त्याला त्याच्याच वावराचं तीन वर्षांचं चित्र दिसत नसे, शेजारच्या शिवाराशी तुलना दिसत नसे. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या असली ॲप्स लिहितील, काही जण टॅब घेऊन गावात जातील, काही जण घरच्या शेतीचा ई-पीक फोटो काढतील. त्यांच्यासाठी मला सुचलेल्या तीन गोष्टी आहेत. ‘केलं का’ याच्या आधी ‘यंदा काय जमलं नाही आणि का’ हे विचारा, म्हणजे ‘नाही’ म्हणणं स्वस्त होईल. एक रकाना कोरा ठेवा, जिथे धुऱ्यावरचे दगड लिहिता येतील. आणि गोळा केलेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय वर पाठवू नका.

तिसरी गोष्ट मी एकदा मीटिंगमध्ये मांडली होती. उत्तर आलं, की त्याला बजेट नाही. गावात मात्र काकांना ती लगेच पटली. ते म्हणाले, “वाचून दाखोलं तं मी तीन एकर बेचाळीस गुंठेच सांगीन. समोर आपला सोयरा बसून रायते ना.” मी म्हटलं, काका, चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. ते हसले. “मंग पाह्य, आपल्याले मोजाले तरी लागीनच.”